पोरांचा हंडा

जमनी, परवा तुझ्या दारात आले तेव्हा मला कुणी पाणी विचारलं नाही. मयताच्या घरी विचारत नाहीत, एवढं मलाही कळतं. तरी चप्पल काढून मी सवयीनं उंबऱ्यापाशी थांबले. तू आतून हाक मारणार, "बाय आली, पाणी दे गं तिला," मी नको म्हणणार, तू घे म्हणणार आणि आपलं भांडण सुरू होणार, असंच इतकी वर्षं चाललं होतं. परवा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी आपली तिथेच उभी. शेवटी तुझ्या लेकीनं, येसूनं, हाताला धरून आत नेलं.

तू कुशीवर होतीस. उताणं झोपवायला जमेना, कारण तुझी पाठ मेल्यावरही सरळ व्हायला तयार नव्हती. आता हिला तिरडीवर ठेवायची कशी, यावर बायका हळू आवाजात बोलत होत्या. मला हसू आलं, खरंच आलं, आणि त्यामागून जे रडू आलं ते आवरेना. जिवंतपणी जिनं कुणाचं ऐकलं नाही ती आता काय ऐकणार!

मी तुझ्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मेलेल्या माणसाबद्दल सगळं गोड लिहायची पद्धत असते आणि तू ते ऐकून तोंड वाकडं करशील.

मी डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमधून रोज एसटीनं झरीच्या शाळेत येणारी बाई, आणि तू पाड्यावरून चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारी. आपली गाठ पडायचं तसं कारण नव्हतं. तू येसूला शाळेत घालायला आलीस तेव्हा मी तिची जन्मतारीख विचारली. तू म्हणालीस, "बोरिंग आला तवा ही रांगत होती." तुझ्या पाड्याचं सगळं कॅलेंडर त्या बोरिंगवर चालायचं. बोरिंगच्या आधी आणि बोरिंगच्या नंतर.

बोरिंगच्या आधीचं तू एकदाच सांगितलंस. होळी झाली की ओहोळ आटायचा. मग वाळूत खड्डा करून पाझरेल ते पाणी वाटीनं काढायचं, त्याच खड्ड्यावर गुरंही यायची. एका उन्हाळ्यात पाड्यात हगवण लागली आणि तुझा थोरला त्यात गेला. त्यानंतर तू कचेरीत खेटे घालायला लागलीस. मजुरी बुडवून जायचीस, दाराशी बसायचीस, हाकललं तरी दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी बोरिंगची गाडी आली. खडक फोडून पाणी वर आलं तेव्हा पहिली ओंजळ तू प्यालीस. काचेसारखं स्वच्छ, आणि चवीला गोड. त्यानंतर पाड्यात हगवणीनं एकही पोर गेलं नाही, हे तू मला प्रत्येक भांडणात ऐकवलंस. आणि ते खरंच होतं.

दात माझ्या लक्षात आले ते मुलं हसताना तोंडावर हात धरायची म्हणून. तुझ्या पाड्याची सगळी पोरं तशी हसायची. दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग कात खाल्ल्यासारखे तपकिरी. पलीकडच्या पाड्याची पोरं याहून गरीब, त्यांच्याकडे बोरिंग नाही, राखेनं दात घासणारी, आणि त्यांचे दात मात्र पांढरे. तुझेही पांढरेच होते. तू ओहोळाच्या पाण्यावर वाढलेली. आपण दोघींनी येसूला उजेडात उभी केली, तोंड उघडायला लावलं आणि मग दोघींनी बोरिंगकडे बघितलं.

मी अर्ज केला, बाटलीत भरून पाणी ठाण्याला तपासायला गेलं. उत्तर आलं की पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पिण्यास अयोग्य. लहानपणी प्यालं तर दात जातात आणि वर्षानुवर्षं प्यालं तर हाडं धरतात. मी तुला समजावून सांगितलं. तू विचारलंस, "मग दुसरा पाणी कुठला?" ते उत्तरात लिहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस पाणीपुरवठ्याचे साहेब जीप घेऊन आले. त्यांच्या माणसानं बोरिंगला वरपासून खालपर्यंत लाल रंग फासला आणि ते निघून गेले. त्यांच्या हिशोबानं लाल म्हणजे धोका, पिऊ नका. पण हा तलासरी तालुका. इथे लाल रंग म्हणजे आपल्या माणसांचा झेंडा, मजुरी वाढवून घेणाऱ्यांचा, जमीन सोडवणाऱ्यांचा. पाड्याला वाटलं, सरकारनं अखेर कबूल केलं की बोरिंग आपला. तू मला लांबूनच हाक मारलीस, "बाय, बघ, आपला रंग दिला!" कुणीतरी खांबाला आंब्याची डहाळी बांधली होती. शेजारच्या पाड्याच्या बायकाही त्या दिवशी मुद्दाम पाणी भरायला आल्या. मी तिथे उभी राहून लाल रंगाचा सरकारी अर्थ सांगितला. तुझं तोंड उतरलं, पण क्षणभरच. म्हणालीस, "रंग आमचा चोरतात आणि अर्थ त्यांचा लावतात."

रंगानं कुणी थांबत नाही हे कळल्यावर साहेब दांडा काढायला आले. दांडा गेला की बोरिंग म्हणजे नुसता खांब. तू ओट्यावर जाऊन बसलीस आणि तुझ्यामागे पाड्यातल्या सगळ्या बायका. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "मावशी, तुमच्याच पोरांसाठी करतोय." तू म्हणालीस, "पोरासाठीच बसले. माझा एक वाळूतल्या पाण्यानं नेला. तू दांडा ने, पण आधी इथं दुसरा पाणी ठेव." त्यांनी मान खाली घातली. दांडा राहिला, जीप गेली.

त्या दिवशी मी तुझ्यावर पहिल्यांदा चिडले. विष आहे हे कळूनही बायका हात वर करून म्हणतात, राहू दे! मी म्हटलं, विषावर मत घेत नसतात, जमनी. तू म्हणालीस, "मग तहानेवर कोण घेतो?" हे भांडण आपण वर्षानुवर्षं जपलं. भात झोडताना, एसटीची वाट बघताना, येसूच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. कोण जिंकलं ते ठरलंच नाही.

मध्येच तुरटी आणि चुन्याचा प्रयोग झाला. घरोघरी बादल्या आल्या, पाण्यात चुना कालवायचा, तुरटी टाकायची, ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी घ्यायचं. सुरुवातीला सगळ्यांनी केलं. मग पुड्या यायच्या थांबल्या. तू बादलीच्या तळाशी राहिलेल्या पांढऱ्या गाळाकडे बोट दाखवून म्हणालीस, "बाय, सरकारन चुना लावला का नाय!" तू हसलीस, मी हसले, आणि येसू तोंडावर पदर धरून हसली. सायवनहून तिला बघायला आलेले लोक 'पोर हसत नाय' म्हणून परत गेले होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. पुढे सायवनचाच एक पोरगा घरजावई होऊन आला, भला निघाला. पण ती तोंड झाकायची सवय येसूची गेली नाही.

तुझं व्याकरण मी कधी सुधारू शकले नाही. "आमचा पाणी" नव्हे गं, "आमचं पाणी", पाणी नपुंसकलिंगी असतं, असं मी सांगायचे. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "तुमच्या नळाचा असेल. आमचा पाणी मर्द हाय, हाडात शिरतो." तेव्हा तुझी कंबर नुकती धरायला लागली होती. मी ते हसण्यावारी नेलं आणि तूही नेलंस.

मग बायकांना सरपंचपद आलं आणि पाड्यानं तुलाच उभं केलं. तुझा आनंद मला आठवतो. तू माझ्याकडून सही शिकलीस, जाडजूड, 'ज'ला भलीमोठी वेलांटी, जिथे वेलांटीचा काही संबंधच नव्हता. मी खोडली नाही. तुला वाटलं होतं की आता आपल्या पाण्याचं आपण ठरवू. आणि नेमकं तेच झालं. साहेब पुन्हा आले, या वेळी रंग नाही, जीपमध्ये पाना. त्यांनी भर सभेत दांडा काढला आणि तुझ्या हातात दिला. म्हणाले, "आता अधिकार तुमच्या पंचायतीला. बंद ठेवा नाहीतर चालू ठेवा, निर्णय तुमचा. नळयोजना मंजुरीत आहे." माणसं टाळ्या वाजवत होती. तू दांडा धरून उभी होतीस आणि तुझा चेहरा तेवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. तुला तर तेही नशिबात नव्हतं, इकडे बोरिंग आणि तिकडे वाळूतला खड्डा. इतकी वर्षं भांडायला समोर कुणीतरी होतं, साहेब होता, कचेरी होती. आता दांडा तुझ्या हातात आणि समोर कुणी नाही. लावला तर पोरांचे दात तुझ्या नावावर, नाही लावला तर हगवण तुझ्या नावावर. पाणी दिलं नाही, नुसता अधिकार दिला. तू मला विचारलंस, "बाय, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी शिकलेली, अर्ज लिहिणारी, विषावर मत घेत नसतात म्हणणारी. मी एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

दोन दिवस बोरिंग बंद होतं. बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावर गेल्या, पांढऱ्या दातांचा पलीकडचा पाडा पितो त्याच. झऱ्याला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार. घरटी जेमतेम एक हंडा, तोही दिवसभर रांग लावून. तिसऱ्या दिवशी तू सभा घेतलीस आणि कुठल्याही साहेबाला सुचला नसता असा कायदा केलास. दर घरानं झऱ्यावरून एक हंडा आणायचा. तो उकळायचा, झाकायचा, वेगळा ठेवायचा. तो पोरांचा हंडा. दुधाचे दात पडून नवे पूर्ण येईपर्यंत पोरानं त्यातलंच प्यायचं, पोटुशी बाईनंही त्यातलंच. बाकी सगळ्यांनी बोरिंगचं. एक म्हातारा उठून म्हणाला, "आमच्या हाडांचा काय?" तू म्हणालीस, "आपली हाडा वाढून झाली. आता जळायचीच बाकी हायत." सगळे हसले आणि हात वर झाले. दांडा तू स्वतः लावलास.

मी मागच्या बाजूला बसले होते. मला हात वर करायचा अधिकार नव्हता, मी त्या गावची नाही. असता तरी कोणत्या बाजूनं वर केला असता, अजून कळत नाही.

त्यानंतर मी आले तेव्हा उन्हातून चालून घसा सुकला होता. तू कोपऱ्यातल्या त्या हंड्यावरची ताटली सरकवलीस आणि मला अर्धा पेला पाणी दिलंस. मी म्हटलं, हे पोरांचं ना? तू म्हणालीस, "पाव्हण्याला पण हाच. पाव्हणा दोन घटका येतो, त्याला आमचा दुखणा कशाला?" म्हणजे कायद्यात तू मागाहून एक पोटकलम घातलं होतंस. मी घेईना, तू ठेवीना. मी घरून बाटली आणायला लागले तर तू अपमान झाल्यासारखी बघायचीस, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी मी जाताना हंड्यात ओतायचे तेव्हा मात्र काही न बोलता झाकण धरायचीस.

कायदा पाळला गेला, जमनी. हे तुला माझ्या तोंडून नीट ऐकायचं होतं आणि मी कधी सांगितलं नाही. मी वर्गात दात बघायचे. वरच्या वर्गात तपकिरी, खालच्या वर्गात हळूहळू पांढरे. तुझ्या मंगीचे, येसूच्या पोरीचे, पुढचे नवे दात आले तेव्हा मी तिला फळ्यापाशी उभी करून उगाचच कविता म्हणायला लावली. ती हात न धरता हसली. मी तास संपायच्या आधीच बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुला सांगायला हवं होतं. पण तुला कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि तुझ्या कमरेचं भांडण मला अजून संपवायचं नव्हतं.

कारण तू वाकत होतीस. आधी मान वळेना. हाक मारली की तू सगळीच्या सगळी वळायचीस, दार वळावं तशी. मग उकिडवं बसता येईना, मग चिकूच्या झाडाकडे वर बघता येईना. मजुरी सुटली. मी म्हटलं, माझ्याकडे डहाणूला चल, राहा, नळाचं पाणी पी. तू म्हणालीस, "मी नळाचा पिणार आणि पाड्यान बोरिंगचा प्यावा? दांडा मी लावला ना?" मी म्हटलं, मग निदान पोरांच्या हंड्यातलं घे. तू असं बघितलंस जसं काही मी चोरी करायला सांगितली. बरोबरच होतं तुझं. कायदा करणारीनंच मोडला असता तर तो दुसऱ्या दिवशी उरला नसता. मला हे कळत होतं आणि म्हणूनच मला इतका संताप यायचा. तुला कुणी कोंडलं नव्हतं. कडी आतून तूच लावली होतीस, आणि बाहेर पडायला जागा कुठे आहे ते मला तरी कुठे माहीत होतं!

धाकटी डहाणूच्या बंदरावरचे सुके बोंबील तुला आवडायचे, म्हणून शेवटच्या खेपेला तेही आणले आणि एक कॅन भरून नळाचं पाणी. तुझ्या छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता. दवाखान्यात न्यायला तू तयार नव्हतीस, कारण गाडीत झोपून जाता येत नव्हतं आणि बसूनही. मी कॅन उघडला, पेला तोंडाशी धरला. तू ओठ मिटून घेतलेस. "हंड्यात वत," म्हणालीस, "मंगी शाळेतून येल." मी रडकुंडीला येऊन म्हटलं, अगं हे झऱ्याचं नाही, माझ्या घरचं आहे, तुझ्यासाठी आणलंय. तू डोळे मिटून पुन्हा तेच म्हणालीस. मी ओतलं. तुझ्याशी ते माझं शेवटचं बोलणं, आणि त्यातही मी हरले.

परवा तुला न्यायच्या आधी तोंडात पाणी घालायची वेळ आली. एका म्हाताऱ्या बाईनं बोरिंगचा तांब्या पुढे केला. येसू उठली, कोपऱ्यात गेली आणि तिनं पोरांच्या हंड्यावरची ताटली काढली. म्हातारी घाबरून म्हणाली, "अगं, त्यातला नको. तुझी आय रागवंल." येसू वाटी भरून घेऊन आली. तोंडावर पदर न धरता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आय आता या घरची नाय. पाव्हणी हाय. पाव्हण्याला पोरांच्या हंड्यातला पाणी, हा तिचाच कायदा हाय."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. येसूनं वाटी माझ्या हातात दिली. मंगीनं तुझी मान धरली, जेवढी वळत होती तेवढी वळवली, आणि मी तुझ्या ओठांत तो पाणी सोडला. थोडा आत गेला, थोडा गालावरून खाली आला. तुझ्याच कायद्यात तू सापडलीस, जमनी. इतक्या वर्षांत तुला पाणी पाजताना पहिल्यांदाच माझ्याशी कुणी भांडलं नाही.